एरियल लागलं नाही, तरी कॉल-आऊट फी मागतायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस एरियल बसवायला येतो, तासभर खटपट करतो, चित्र काही येत नाही आणि जाताना बिल ठेवून जातो. हे पैसे द्यायचे का, दिले असतील तर परत मिळतात का, असे प्रश्न ब्रिटनमधल्या मराठी घरांतून सतत येत असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. कायद्याचे तपशील मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. ग्राहक हक्कांचा मूळ कायदा स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडलाही लागू होतो, कोर्टाची पद्धत तेवढी वेगळी (प्रश्न १३).

१. कॉल-आऊट फी म्हणजे नेमके कशाचे पैसे?

माणूस तुमच्या दारापर्यंत येण्याचे. व्हॅनचं पेट्रोल, त्याचा वेळ आणि बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या किंवा एक तासाची तपासणी. काही जण काम मिळालं तर ही रक्कम एकूण बिलातून वजा करतात, काही जण वेगळी लावतात. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत, आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

काहींचं मात्र "कॉल-आऊट फी" असं वेगळं काही नसतंच. ते एरियल बसवून चालू करून देण्याची एक ठरलेली रक्कम सांगतात आणि काम फसलं की त्याच कामाच्या वेळेला ऐनवेळी हे नाव देतात. म्हणून बुकिंगचा मेसेज किंवा ईमेल आधी उघडून पाहा. त्यात हे शब्द आहेत का आणि कशासाठी आहेत, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

२. काम झालंच नाही, तर फी द्यावीच लागते का?

तुम्ही त्याला कशासाठी बोलावलं होतं, त्यावर आहे.

"टीव्ही दिसत नाही, येऊन बघा" असं सांगून बोलावलं असेल, तर तुम्ही तपासणी विकत घेतली. त्याने नीट तपासून "इथे एरियलने काम होणार नाही" असं सांगितलं, तर त्याने ठरलेलं काम केलं. उत्तर आवडलं नाही म्हणून फी बुडवता येत नाही.

"एरियल बसवून द्या" असं सांगून बोलावलं असेल, तर तुम्ही चालणारं एरियल विकत घेतलं. इथे कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ कामाला येतो. त्याच्या कलम ४९ प्रमाणे सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने द्यावी लागते. तशी दिली नसेल तर काम पुन्हा करून घेण्याचा हक्क कलम ५५ देतं. ते शक्य नसेल, किंवा वाजवी वेळेत आणि तुम्हाला फारसा त्रास न होता होत नसेल, तर कलम ५६ प्रमाणे किंमत कमी करून मागता येते. ही कपात पूर्ण रकमेपर्यंत जाऊ शकते.

एक बारीक गोष्ट: कायदा यशाची हमी मागत नाही, कौशल्य मागतो. सगळं नीट करूनही चित्र आलं नाही, असं होऊ शकतं. म्हणून "चित्र आलं नाही" एवढंच लिहून थांबू नका, "काय करायला हवं होतं आणि केलं नाही" हे लिहा (प्रश्न ४). अर्थात, "फ्रीव्ह्यूचे सगळे चॅनल दिसतील" (फ्रीव्ह्यू म्हणजे एरियलवर दिसणारी फुकट टीव्ही सेवा) असं त्याने स्वतःहून सांगितलं असेल आणि त्यावर विसंबून तुम्ही काम दिलं असेल, तर कलम ५० प्रमाणे ते बोलणं कराराचाच भाग ठरतं. मग कौशल्याच्या वादात शिरायचीही फारशी गरज उरत नाही.

३. फोनवर फीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जाताना एकदम बिल हातात ठेवलं. हे चालतं?

नाही. फोनवर किंवा ऑनलाइन ठरवलेल्या, तसंच तुमच्या घरी ठरलेल्या कामाला २०१३ चे कंझ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स रेग्युलेशन्स लागतात. करांसह एकूण किंमत, किंवा ती आधी काढता येत नसेल तर कशी काढणार हे, तुम्ही होकार देण्याआधी सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ६ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या तरतुदींनुसार तर जाहिरातीतल्या किमतीतच सक्तीचे सगळे आकार धरलेले असावे लागतात. ४० पौंडांत एरियल म्हणायचं आणि शेवटी येण्याचे ६० लावायचे, हा प्रकार त्यात सरळ सापडतो.

पण "काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून शून्य द्यायचं" असंही आपोआप ठरत नाही. किंमत ठरलीच नसेल तर २०१५ च्या कायद्याचं कलम ५१ वाजवी किमतीचं बोलतं. वीस मिनिटं शिडी न लावता खालून पाहून गेलेल्या माणसाची वाजवी किंमत किती, हा वाद तुम्ही घालू शकता, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या बाजूने झुकतो. फी वेबसाइटच्या अटींत कुठेतरी तळाशी होती असं तो म्हणाला, तर विचारा: होकार देण्याआधी ती माझ्या नजरेस पडेल अशी होती का? किमतीची अट स्पष्ट आणि ठळक नसेल, तर ती न्याय्य आहे का हे कोर्ट तपासू शकतं.

४. त्याने काम नीट केलं नाही हे मी कसं दाखवू? मला यातलं काही कळत नाही.

फार कळावं लागत नाही. डोळे आणि फोनचा कॅमेरा पुरतो. सेवेच्या बाबतीत चूक दाखवण्याची जबाबदारी तुमची आहे, त्यामुळे इथे थोडे कष्ट घ्या.

आधी रस्त्यावर उभे राहून शेजाऱ्यांची छपरं पाहा. नेहमीचं एरियल माशाच्या काट्यासारखं दिसतं: लांब दांडा आणि त्यावर आडव्या काड्या. ज्या टोकाला जाळी किंवा मोठा परावर्तक असतो ती मागची बाजू, दुसरं टोक ट्रान्समीटरकडे, म्हणजे टीव्हीचं प्रसारण करणाऱ्या मनोऱ्याकडे, हवं. गल्लीतली सगळी एरियल एका दिशेला आणि तुमचं भलतीकडे, असं दिसलं तर फोटो काढा. काड्या जमिनीला समांतर आहेत की उभ्या, तेही पाहा. मोठे ट्रान्समीटर, जसं लंडनचं क्रिस्टल पॅलेस, आडव्या ध्रुवणाने (म्हणजे काड्या आडव्या लागतात) प्रसारण करतात, लहान रिले केंद्रं, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारे छोटे मनोरे, बहुधा उभ्या. शेजाऱ्यांच्या उभ्या आणि तुमच्या आडव्या असतील, तर चूक पकडायला तज्ज्ञ लागत नाही. अपवाद एकच, तुमचं एरियल मुद्दाम दुसऱ्या ट्रान्समीटरकडे लावलेलं असेल तर. तसं असेल तर त्याने ते सांगायला हवं होतं.

मग टीव्हीच्या मेन्यूत सिग्नलची माहिती उघडा. तिथे दोन आकडे असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी सतत वरखाली, असं असेल तर बूस्टर (सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) गरजेपेक्षा जास्त लावलाय किंवा बाहेरचा अडथळा आहे. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, त्यामुळे खराब सिग्नल त्याने चांगला होत नाही. जुन्या अ‍ॅनालॉग काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्र तरी दिसायचं. डिजिटलमध्ये चित्र एका मर्यादेपर्यंत उत्तम असतं, मग चौकोन फुटतात आणि लगेच काळा पडदा. "थोडं थोडं दिसतंय, म्हणजे काम झालं" असं म्हणणाऱ्याला एवढं सांगा की काठावरचा सिग्नल पहिल्या पावसात जाईल.

शेवटचं म्हणजे, त्याने मीटर लावला होता का? भिंतीवरच्या सॉकेटपाशी साधारण ४५ ते ६५ डीबी मायक्रोव्होल्टच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) दरम्यान सिग्नल असावा, असं या धंद्यात मानतात. चांगला एरियलवाला हा आकडा कागदावर लिहून देतो. मागून पाहा. "आकडे नाहीत" हे उत्तरही लेखी आलं तर जपून ठेवा, कारण न मोजता बसवणं हीच काळजी न घेतल्याची खूण आहे.

५. "तुमच्या भागात सिग्नलच नाही" म्हणाला. मग यात चूक कोणाची?

फ्रीव्ह्यूच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की कुठल्या ट्रान्समीटरचे कुठले चॅनल मिळण्याची शक्यता आहे ते दिसतं. फुकट आणि दोन मिनिटांचं काम. पोस्टकोड घेऊन बुकिंग करणाऱ्या व्यावसायिकाने हे आधी पाहायला हवं होतं, असं म्हणणं वाजवी आहे. तुमचं घर टेकडीमागे असल्याचं त्याला दारात आल्यावर कळलं, तर त्या फेरीची किंमत पूर्णपणे तुमच्या माथी मारणं बरोबर नाही. पण समोरचं उंच झाड किंवा नवी इमारत पोस्टकोडवरून कळत नाही. तिथे अर्ध्यावर तडजोड करा.

ट्रान्समीटरच बंद पडला, तर दोष त्याचाही नाही आणि तुमचाही नाही. १० ऑगस्ट २०२१ ला नॉर्थ यॉर्कशायरमधल्या बिल्सडेलच्या मनोऱ्याला आग लागली आणि त्या टापूतल्या लाखो घरांचा टीव्ही गेला. अशा दिवशी छतावर चढून एरियल फिरवण्यात अर्थ नसतो. उच्च दाबाच्या हवेत लांबचे सिग्नल एकमेकांत मिसळतात, तेव्हाही थांबणं हाच उपाय असतो. बातमी जाहीर झाल्यावरही तुम्हाला न सांगता कोणी फी घेऊन एरियल "दुरुस्त" करून गेला असेल, तर ती फी परत मागा.

६. वारा आहे म्हणून तो छतावर चढलाच नाही. तरी फी?

वाऱ्यात न चढणं बरोबरच आहे. उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम हवामानाकडे पाहूनच काम करायला सांगतात. त्याला चढायचा आग्रह करू नका. पण हवामानाचा अंदाज त्यालाही आदल्या दिवशी कळत होता. पुन्हा फुकट यायला तयार असेल तर विषय संपला. दुसऱ्या फेरीची वेगळी फी मागत असेल, तर पहिल्या फेरीत तुम्हाला काय मिळालं हे लेखी विचारा. "शिडी पोहोचत नाही" याचंही तेच: घर तीन मजली आहे हे तुम्ही बुकिंगच्या वेळी सांगितलं असेल तर चूक त्याची, त्याने विचारूनही तुम्ही सांगितलं नसेल तर तुमची.

७. दोष माझ्याच घरात निघाला. आता?

पैसे द्या. हे नेहमी होतं आणि कारणही बहुधा एकच असतं: खांबावरच्या अँप्लिफायरला वीज देणारा छोटा अ‍ॅडॉप्टर टीव्हीमागे लावलेला असतो, तो कोणीतरी फोन चार्ज करायला काढतो आणि टीव्ही जातो. माणूस आला, प्लग लावला, दोन मिनिटांत गेला. खटकतं, पण त्याने दोष शोधून दिला. दोष सापडण्याआधीच त्याने नवं एरियल गळ्यात मारलं असेल, तर मात्र एरियलचे पैसे परत मागा.

८. पुन्हा येऊन नीट करतो म्हणतो. त्याला संधी द्यावी लागते का?

बहुतेक वेळा हो. कलम ५५ च्या पुन्हा कामाचा सगळा खर्च, येण्याजाण्यासकट, त्याचा असतो, म्हणून दुसरी कॉल-आऊट फी मागणं चुकीचं आहे. संधी न देता थेट परताव्यावर आलात तर पुढे कोर्टात तुमची बाजू कच्ची पडते. तारीख मागा, वाजवी मुदत द्या, न आल्यास कलम ५६ वर जा. परतावा त्याने कबूल केला की तो १४ दिवसांच्या आत आणि ज्या मार्गाने तुम्ही पैसे दिले त्याच मार्गाने यायला हवा.

९. वैतागून दुसऱ्याला बोलावलं, त्याने करून दिलं. पहिल्याकडून काय मिळेल?

पहिल्याला संधी देऊन झाली असेल, किंवा त्याने येणार नाही असं लेखी सांगितलं असेल, तर पहिल्याची फी आणि दुसऱ्याला द्यावा लागलेला वाजवी जादा खर्च मागता येतो. दुसऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या: आल्यावर काय आढळलं, काय बदललं. "एरियल चुकीच्या दिशेला होतं, फिरवून चालू केलं" एवढं त्याच्या बिलावर असलं तरी पुष्कळ. जुनं वाकडं एरियल काढलंच असेल तर काढण्याआधीचा फोटो हवा.

१०. तक्रारीचं पत्र कसं लिहू?

छोटं लिहा. राग फोनवर काढून झाला असेलच. ईमेलमध्ये पाच गोष्टी पुरतात: तारीख आणि बुकिंग, काय ठरलं होतं (त्याच्याच शब्दांत, मेसेजमधून उचलून), काय झालं, कुठलं कलम, किती पैसे आणि कधीपर्यंत. फोटो जोडा. कलमांची यादी लावायचा मोह आवरा, ४९ आणि ५६ पुरेत. फी आधी सांगितली नव्हती, तर २०१३ च्या नियमांचं एक वाक्य घाला.

उत्तर नाही आलं तर १४ दिवसांची मुदत देऊन "लेटर बिफोर अ‍ॅक्शन" पाठवा, म्हणजे कोर्टात जाण्याआधीची अखेरची सूचना. खूपशी प्रकरणं इथेच मिटतात. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची ग्राहक हेल्पलाइन फुकट मार्गदर्शन करते आणि गरज वाटली तर प्रकरण ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहक कायदे मोडणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, कळवते. तो माणूस सीएआय या एरियलवाल्यांच्या व्यावसायिक संघटनेचा किंवा ट्रस्टमार्क या घरकामाच्या कारागिरांच्या दर्जा-योजनेचा सदस्य असेल, तर तिथेही तक्रार करा. व्हॅनवर बोधचिन्ह रंगवलेलं असलं तरी सदस्यत्व खरं आहे का ते आधी त्यांच्या यादीत तपासा.

११. दारातच पैसे मागत होता, घाबरून कार्डाने दिले. बँक परत मिळवून देईल का?

पैसे दिले म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. क्रेडिट कार्ड असेल तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ पाहा. कामाची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. कार्डाने किती दिले हे महत्त्वाचं नाही, कामाची किंमत महत्त्वाची. १८० पौंडांच्या कामापैकी ४० पौंड आगाऊ कार्डाने दिले असतील तरी कलम लागू होतं. नुसती ६० पौंडांची फेरी असेल तर नाही.

डेबिट कार्ड किंवा लहान रकमेसाठी चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागा. तो कायदा नाही, कार्ड योजनेचा नियम आहे, आणि मुदत साधारण १२० दिवसांची असते. "सेवा मिळाली नाही" आणि "सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती" हे वेगळे रकाने आहेत. माणूस येऊन गेला असेल तर दुसरा निवडा, नाहीतर त्याची सहीची पावती बँकेपुढे येते आणि तुमचा अर्ज पडतो.

रोख दिले असतील तर बँकेचा मार्ग बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच "आज अमुक इतके रोख दिले, काम अपूर्ण आहे" असं लिहून ठेवा. त्याने "ओके" पाठवलं तरी ती पावतीच झाली.

१२. १४ दिवसांत रद्द करता येतं ना? मग तेच करतो.

फोनवर, ऑनलाइन किंवा घरी ठरलेल्या कराराला १४ दिवसांची मुदत असते, हे खरं. (घरी ठरलेलं ४२ पौंडांपर्यंतचं काम वगळून.) पण त्या १४ दिवसांतच या असं तुम्ही स्वतः सांगितलं असेल, तर झालेल्या कामाच्या प्रमाणात पैसे द्यावे लागतात, आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी खास बोलावलं असेल तर ही सवलत मिळतच नाही. नवं एरियल बसवणं सहसा तातडीची दुरुस्ती ठरत नाही.

बहुतेकांच्या लक्षात न येणारा भाग पुढे आहे. रद्द करण्याच्या हक्काची माहिती त्याने लेखी दिलीच नसेल, तर मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढू शकते आणि मधल्या सेवेचे पैसेही त्याला मागता येत नाहीत. एकट्याने धंदा करणारे बरेच जण ही माहिती देत नाहीत. फसवं काही नाही, कागदपत्रांचा आळस. पण वाद त्यानेच सुरू केला असेल तर हा मुद्दा वापरायला संकोच करू नका.

१३. साठ-सत्तर पौंडांसाठी कोर्टात जाणं परवडतं का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान दाव्यांच्या सोप्या पद्धतीत, जातात, वकील लागत नाही. ३०० पौंडांपर्यंतच्या दाव्याला सुरुवातीची फी ३५ पौंड, सुनावणी झालीच तर वेगळी. जिंकलात तर ती परत मिळते, हरलात तर गेली. मे २०२४ पासून अशा बहुतेक पैशांच्या दाव्यांत फोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे, आणि लहान रकमा तिथेच मिटायची शक्यता मोठी. दावा लावायला इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षं असतात, घाई नाही. स्कॉटलंडमध्ये सिंपल प्रोसिजर आहे, मर्यादा ५,००० पौंड.

माझं मत विचाराल तर नुसत्या फीसाठी पत्र जरूर, कोर्ट क्वचित. एरियल, केबल, फुटलेली कौलं असं मिळून रक्कम मोठी होत असेल तर जरूर जा.

१४. पैसे दिले नाहीत. आता वसुलीवाल्यांचं पत्र आलंय. घरातलं सामान नेतील का?

कोर्टाचा निकाल नसताना नाही. डेट कलेक्टरला पत्र आणि फोन करण्यापलीकडे अधिकार नसतो. ही रक्कम वादात आहे असं त्याला लेखी कळवा. खरा कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर मात्र तो बाजूला ठेवू नका. मुदतीत उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे न भरल्यास तो सहा वर्षं तुमच्या क्रेडिट नोंदीवर राहतो. साठ पौंडांपायी घरकर्ज अडलेलं कोणालाच नको.

१५. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. छतावर जायला परवानगी नाही म्हणून माणूस परत गेला.

इथे फी बहुधा तुमच्यावरच येते. इमारतीच्या छताचा ताबा मालकाकडे किंवा व्यवस्थापनाकडे असतो, आणि परवानगी काढणं बोलावणाऱ्याचं काम. तुम्ही फ्लॅट असल्याचं सांगितलं होतं आणि त्याने परवानगीचं विचारलंच नाही, असं असेल तर थोडी घासाघीस करता येते. पुष्कळ इमारतींत सामाईक एरियल असतं आणि भिंतीवरचं सॉकेट त्याला जोडलेलं असतं. ते बंद असेल तर एरियलवाल्याला नाही, आधी मालकाला कळवा.

१६. माणूस आलाच नाही. माझी सुट्टी वाया गेली. ऑफकॉमची भरपाई मिळते ना?

ऑफकॉम म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था, तिची ती आपोआप भरपाई ब्रॉडबँड आणि लँडलाइनसाठी आहे, तीही त्या योजनेत सहभागी कंपन्यांपुरती. एरियलवाल्याला ती लागू नाही. न आलेल्या फेरीची फी मात्र एक पेनीही देणं लागत नाही, आगाऊ घेतली असेल तर परत मागा.

१७. एरियल उत्तम चालतंय, पण मराठी वाहिन्या दिसत नाहीत. फी परत मागू?

फ्रीव्ह्यूच्या प्रसारणात मराठी वाहिन्या नाहीत, त्यामुळे एरियल कितीही चांगलं असलं तरी त्या येणार नाहीत. "झी मराठी लागेल" असं त्याने लिहून दिलं असेल तर प्रश्न २ मधलं कलम ५० वापरा. तसं नसेल तर फी देऊन टाका आणि त्या वाहिन्यांसाठी इंटरनेटवरची सेवा घ्या.